उजवा पाय दाखवायचा राहिला

बाळाराम, परवा माझ्या उजव्या मोज्यावर डाग दिसला. अंगठ्याच्या खाली, पिवळट आणि मध्ये जरा तांबूस. घरात कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. व्यायामाच्या मॅडमना कळवायला हवं होतं, तेही केलेलं नाही. तुला सांगतोय, कारण पायाचं काहीही सांगायची सवय मला तुझ्यापाशीच लागली, आणि तू आता ते पुढे कोणाला सांगू शकत नाहीस.

तुझं तेरावं आटोपून शेणव्याहून मुरबाडला आलो. दुकान उघडलं, मशीनवरची धूळ झटकली, बसलो, पाय पॅडलवर ठेवले. म्हणजे ठेवलेले दिसले. ठेवल्याचं कळलं नाही. तुला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं की तो अरेरे म्हणतो आणि स्वतःच्या पायाकडे बघतो.

तेराव्याला सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलले. देवमाणूस होता म्हणाले. मला तुझा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. तुझा चुलतभाऊ मांडवात म्हणत होता की त्या मोबाइलने माणूस घालवला, चांगला ओट्यावर बसून होता, त्याला उठवला आणि मारला. त्याच्याशीही वाद घालावासा वाटला. पण घातला नाही, कारण अर्धं खरं होतं.

ओट्यावर तू बसूनच होतास. शहापूरच्या शिबिरात पहिल्यांदा दिसलास तेव्हा वहिनीचा खांदा धरून आला होतास, भिंतीच्या कडेकडेने. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतली साखरेची माणसं बोलावली होती, ज्यांचे पाय बधिर झालेत अशी. मी आलो होतो कारण माझा पाय पॅडलवर आहे हे मला न कळून मशीन चालत राहिलं होतं आणि एका नवरदेवाच्या शेरवानीची बाही वाकडी शिवली गेली होती. तू आलास कारण अंगणात दोनदा पडलास आणि मग चालणंच सोडलंस. व्यायामाच्या मॅडमनी तुला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक दोरा तळपायाला टेकवत गेल्या. टेकलेलं कळलं की हो म्हणा, असं होतं. तू दोरा टेकायच्या आधीच हो म्हणत होतास. मॅडमनी हात मागे घेतला तरी तू आपला हो, हो. सगळे हसले. तुला परीक्षेत नापास व्हायचं नव्हतं एवढंच. तेव्हा मीही हसलो होतो.

मग त्यांनी फोनमध्ये ते अ‍ॅप घालून दिलं. सकाळी त्यातली बाई सांगायची, खुर्चीत बसा, टाचा उचला, पंजे उचला, भिंत धरून उभे राहा. जमलं की चाला. संध्याकाळी घंटी वाजायची आणि जोडीदाराला तळपाय दाखवायचे, कारण स्वतःचा तळपाय स्वतःला दिसत नाही आणि दुखलं तर कळत नाही. जखम नसेल तर जोडीदाराने बटण दाबायचं, नावापुढे हिरवा ठिपका. असेल तर लाल. लाल झाला की चालणं बंद, मॅडमचा फोन, दवाखाना. एका गावातल्या दोघांची जोडी त्या लावत नव्हत्या. एका गावातली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, खोटं हिरवं करतात, असं त्यांना आधीच्या गावांत दिसलं होतं. म्हणून शेणव्याच्या शेतकऱ्याला मुरबाडचा शिंपी दिला. तू मला पुढे मुरबाडकरच म्हणत राहिलास.

पहिल्या संध्याकाळी फोन लागला आणि तू पायच दाखवेनास. तुझा चेहरा, मागे पडवीतलं भाताचं कणगं, परत चेहरा.

"तुमच्या तोंडासमोर तळपाय कसा धरू हो," तू म्हणालास. "पाप लागंल मला."

मी म्हटलं, मॅडमच्या अ‍ॅपात पाप लागत नाही, धरा. तर तू आधी मला हात जोडलेस, कपाळाला लावलेस आणि मग डोळे दुसरीकडे फिरवून पाय वर केलास. पुढे अहो-जाहो गेलं, अरे-तुरे आलं, शिव्याही आल्या, पण पाय वर करण्याआधीचा तो नमस्कार तू एकदाही चुकवला नाहीस. मी तुझी टिंगल करायचो. आता वाटतं, माझ्या तळपायांना आयुष्यात तू एकट्यानेच नमस्कार केलास, कारण माझे बघायची वेळ आली की तेव्हाही तू हात जोडायचास. दोन्ही बाजूंनी जोडायचे असतात असं तुझं मत होतं.

तुझे पाय मला माझ्या पायांपेक्षा जास्त पाठ होते. टाचेच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख, आणि डाव्या पायाच्या आतल्या कडेला लहानपणी भात कापताना लागलेल्या विळ्याची पांढरी खूण. ती खूण मी विसरणार नाही. तिच्याकडे परत यायचं आहे.

त्या अ‍ॅपातली बाई व्यायाम संपला की शाब्बास म्हणायची. मला ते पोरकट वाटायचं. तू मात्र त्या एका शब्दासाठी पहाटे उठून बसायचास. एकदा बोललास की बापाने कधी शाब्बास म्हटलं नाही, मास्तरने म्हटलं नाही, सोसायटीतल्या कोणी म्हटलं नाही, आणि म्हातारपणी हा डबा म्हणतोय तर मला गोड लागतं, तुझं काय जातं. माझं काही जात नव्हतं. तू भिंत सोडलीस त्या दिवशी भरदुपारी फोन केलास. मी गिऱ्हाईकाचं माप घेत होतो, गळ्यात टेप तसाच. फोन वहिनीच्या हातात होता आणि तू अंगणाच्या मधोमध उभा होतास, हात सोडून, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा. वहिनी पदराने डोळे पुसत होती. मी गिऱ्हाईकालाही दाखवलं. त्याला त्यात काय बघायचं ते कळलं नाही.

हे सगळं त्या फोननेच केलं, हे तुझ्या चुलतभावाला सांगायला हवं होतं.

म्हसा गावच्या जत्रेला तू आलास तेव्हा आपण प्रत्यक्ष भेटलो. तू मॅडमनी दिलेले जाड तळाचे बूट आणि आत पांढरे मोजे घालून आलास. मोजे पांढरेच घालायचे, डाग पडला तर दिसावा म्हणून. वर धोतर आणि खाली शाळेतल्या पोराचे मोजे, लोक वळून बघत होते आणि तू छाती काढून चालत होतास. बैलांच्या बाजारातून घोंगड्यांच्या दुकानांपर्यंत आणि परत. मी दमलो, तू दमला नाहीस. मग आपण एका झाडाखाली बसलो, बूट-मोजे काढले आणि भर जत्रेत एकमेकांचे तळपाय हातात घेऊन बघितले. एक म्हातारी थांबून म्हणाली, काटा रुतला काय बाबा. तू म्हणालास, रुतला तरी कळत नाय मावशी, म्हणून बघतोय. ती हसली. तिला ती चेष्टा वाटली.

त्याच झाडाखाली आपला वाद झाला, तो संपला नाही. तू म्हणत होतास, दुखत नाही हे एक बरंच आहे. आयुष्यभर चिखलात, काट्यात दुखून झालं, आता देवाने त्यातून सोडवलं. मी म्हणत होतो, गाढवा, दुखणं म्हणजे घराचा कुत्रा आहे, तो भुंकायचा बंद झाला म्हणजे चोर यायचे थांबले असं नाही. तू म्हणालास, तू शिंपी, तुला सुईची भीती. मी म्हणालो, तू शेतकरी, तुला कसलीच भीती नाही हेच वाईट. मग तू दोघांसाठी भजी आणलीस, दोघांनाही बंदी असलेली, आणि विषय तिथे राहिला. मला तो पुढे न्यायचा होता. अजूनही माझंच खरं आहे असं मला वाटतं, पण जिंकून करू काय.

उन्हाळा लागला आणि तुझ्या बोलण्यात राब यायला लागला. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर टाहाळ, पाला, शेण, गवत रचायचं, वर माती पसरायची आणि वारा नसेल तेव्हा पेटवायचं. आमच्याकडेही करतात, मला काय माहीत नाही? दोन वर्षं तू राब भाजला नव्हतास, मजुरांकडून करून घेतलास आणि ओट्यावरून त्यांना शिव्या दिल्यास. ह्या वर्षी तुझे पाय तुला परत मिळाले होते. मॅडमनी शेतात जायला नाही म्हटलं नव्हतं. बूट घालून जा, एवढंच म्हटलं होतं.

पुढचं तू ठाण्याला वहिनीला सांगितलंस आणि तिने तेराव्याच्या दिवशी मला. राब भाजून झाल्यावर दुसऱ्या सकाळी तू बघायला गेलास. बूट घालून गेलास. बांधावर पोचलास आणि बूट काढून ठेवलेस. चांगले बूट राखेत कशाला खराब करायचे म्हणून. कोणी दिलेली चांगली वस्तू आपण जपतो, लग्नात मिळालेली भांडी माळ्यावर ठेवतो, तसंच. मग राब विझला की नाही ते तू नेहमीसारखं बघितलंस. तुझ्या बापाने, त्याच्या बापाने बघितलं तसं. पाय ठेवून. पायाने सांगितलं, थंड आहे. तू त्यावर उभा राहिलास, उजवा पाय पुढे, आणि काठीने राख सारखी करत राहिलास. आत निखारे होते. पायाचा जळका वास आला तेव्हा तुला कळलं, असं वहिनी म्हणाली. वास आला म्हणून कळलं, बाळाराम. हे तिने सांगितलं तेव्हा मी उठून मांडवाबाहेर गेलो.

त्या दिवशी तिला तू सांगितलंस की चुलीवरचं पाणी पायावर सांडलं. हळद लावून घेतलीस. आणि संध्याकाळी घंटी वाजल्यावर मला फोन केलास.

तो फोन माझ्या लक्षात आहे. तू हात जोडलेस. डावा पाय वर केलास, विळ्याची खूण दिसली, मी बरं म्हटलं. मग उजवा म्हणून पाय वर केलास. चित्र हलत होतं, आणि मला परत ती पांढरी खूण दिसली.

"काय रे," मी म्हटलं, "आज विळा दोन्ही पायांना लागलेला दिसतोय."

तू मोठ्याने हसलास. इतका की मीही हसलो. "रेंज जातेय, मुरबाडकर," म्हणालास, "कर हिरवा, कर," आणि फोन बंद झाला. मला वाटलं, फोन उलटासुलटा धरलास, पाय उलटासुलटा केलास. मी बटण दाबलं. ह्यात माझं किती चुकलं ते मी मोजत बसलेलो नाही. फसवलंस तू. दुसऱ्या दिवशी फसवलंस, तिसऱ्या दिवशीही. ज्याच्यासमोर तळपाय धरायला तुला पाप वाटायचं, त्याच्यासमोर खोटा पाय धरायला वाटलं नाही.

तापाने फणफणलास तेव्हा शहापूर, तिथून ठाणे. आधी बोटं गेली, मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून. मी ठाण्याला आलो त्या दिवशी तू शुद्धीत होतास. मी काहीच विचारलं नव्हतं. तूच बोललास, छताकडे बघत.

"लाल केला असता तर मॅडमनी परत बसवला असता रे. मला परत ओट्यावर नाय बसायचं होतं."

मी तुझ्या कपाळावरचा घाम पुसला. शिव्या घालायला हव्या होत्या. तुला शिव्या घालणारा दुसरा कोणी नव्हता, सगळे तुझ्यापुढे रडत होते. आता घालतो. मूर्ख माणसा. एक शाब्बास चुकेल म्हणून पाय लपवलास. आणि तरी मला कळतं, हेच तर मला छळतं. मॅडमच्या अ‍ॅपाला चालणाऱ्याला शाब्बास म्हणता येत होतं. थांबलेल्याला शाब्बास म्हणायची सोय त्यात नव्हती. लाल ठिपका आला की ती बाई गप्प व्हायची, नुसतं खुर्चीत बसा म्हणायची. तुला तो शब्द परत हरवायचा नव्हता. माझं मशीन मला हरवायचं नाही. मोज्यावरचा डाग मी सुनेला दाखवला तर संध्याकाळपर्यंत मुलगा दुकानाला कुलूप लावेल. दुकान बंद झालं की मीही ओट्यावरच. तर आता तूच सांग, मी तुला कोणत्या तोंडाने शिव्या घालू.

घंटी अजून वाजते. मी उचलत नाही. मग फोनवर लिहून येतं, तुमच्या जोडीदाराने आज पाय दाखवलेले नाहीत.

एवढं लिहून कागद कात्रीखाली ठेवून दिले होते. पुढचं आठवड्याने लिहितोय, आणि खुर्चीत बसून लिहितोय.

गेल्या शनिवारी संध्याकाळी दुकानात एकटा होतो. घंटी वाजून गेली, मी कापड बेतत राहिलो. मग फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव. हातातली कात्री खाली पडली. पायावर पडली की जमिनीवर, ते बघून कळलं. फोन उचलला तर तुझी पडवी, ते कणगं आणि वहिनी, डोक्यावर पदर घेऊन, फोन फार जवळ धरलेला.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांच्या फोनवर रोज येतंय, जोडीदाराने पाय दाखवले नाहीत. मी नातीकडून वाचून घेतलं. तुमी का नाय दाखवत?"

मी म्हटलं, आता कोणाला दाखवू, वहिनी. ती म्हणाली, मला दाखवा. मी म्हटलं, तुम्ही कशाला माझे पाय बघायचे, बरं दिसत नाही ते. ती फोन धरूनच बसली. आजवर तिने माझ्याशी चहा घ्या आणि बसा ह्याच्यापलीकडे फार बोललेलं मला आठवत नाही. मी मोजे काढले. हात जोडले, तुझ्यासारखे, कपाळाला लावले. डावा पाय वर केला. तिने बघितला. मग मी तोच पाय खाली घेतला आणि थोडा वेळ तसाच बसलो. तुला सांगायला हरकत नाही, त्या वेळात माझ्या मनात तेच आलं होतं जे तुझ्या मनात आलं असेल.

"दोन्ही दाखवा," वहिनी म्हणाली. "एका वेळी. दोन्ही एकत्र."

बेतायच्या टेबलावर दोन्ही पाय वर ठेवले, कापडाच्या तुकड्यांत, आणि फोन समोर धरला. मग तिने एवढंच विचारलं की अंगठ्याखाली काय आहे. मी म्हटलं, माहीत नाही. हे खरंच होतं. ती म्हणाली, उद्या नाय, आत्ता जा, आणि सुनेला फोन द्या. दुकानामागेच घर, मी सुनेला हाक मारली.

दवाखान्यात जखमेतून सुईचं टोक निघालं. मशीनची सुई तुटली होती कधीतरी, टोक सापडलं नव्हतं, त्यावरच उभा राहून चालत होतो. अंगठा राहील की जाईल ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मुलाने दुकानाला कुलूप लावलं, ते मला माहीतच होतं. खुर्चीत बसून टाचा उचलतो, तीही एकच. शाब्बास येत नाही. बसून आहे, बाळाराम. बसल्याने जीव जात नाही, एवढं मी तुला आता पक्कं सांगू शकतो.

काल मॅडमचा फोन आला. तुझं नाव काढून टाकायचं होतं, त्याआधी वहिनीला आणि मला एकाच फोनवर घेऊन विचारत होत्या. तेव्हा कळलं की तुझ्या नावापुढे अजून हिरवाच ठिपका आहे. तू दवाखान्यात गेल्यापासून मी तुझ्या नावापुढे काही दाबलं नव्हतं, म्हणून मी दाबलेला शेवटचा हिरवा तसाच राहिला होता. वहिनी मॅडमना म्हणाली की नाव काढू नका, आधी खरं असेल ते लिहा. मॅडम म्हणाल्या, आता त्याचा काय उपयोग. वहिनीने पुन्हा तेच सांगितलं.

आज सकाळी अ‍ॅप उघडून बघितलं. आपल्या दोघांच्याही नावापुढे लाल ठिपका आहे.